धाकटीचा बेसांव

१

नाताळची सुट्टी लागली की आमच्या वाडीतले लोक पाहुणे कोण येणार, डुक्कर कोण कापणार ह्याच्या गप्पा मारायचे, आणि माझा नवरा ताडपत्रीला ठिगळं लावत बसायचा. ज्युलियस शाळेत चित्रकला शिकवायचा, पण त्याचा सगळा जीव डोंगरात. तुंगारेश्वरच्या रांगेत अशी एकही घळ नसेल जिथे त्यानं मला आणि पोरींना भाकरी खायला बसवलं नाही. लोक बोनसमधून पंखा घेत, आम्ही दोरखंड घेत असू. काडी एकच वापरायची आणि चूल पेटलीच पाहिजे, वाट चुकली तर आहे तिथेच बसून राहायचं, असे त्याचे नियम. बेटी अकरा वर्षांची आणि आल्बिना सात. दोघींना ते पाढ्यांसारखे पाठ होते.

त्यातला एक नियम मला मुळीच आवडायचा नाही. मुक्कामाला कंदील लावायचा तो रोजरी, म्हणजे जपमाळेवरची संध्याकाळची प्रार्थना, संपल्यावरच. डोळ्यांना अंधार ओळखीचा झाला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. म्हणून सात वाजता, समोरचं झाड दिसेनासं होत असताना, आम्ही ताडपत्रीखाली बसून ‘नमो मारिया’ म्हणायचो.

रोजरी संपली की बेसांव. म्हणजे मुलांनी घरातल्या मोठ्या माणसापुढे हात जोडून आशीर्वाद मागायचा, आणि त्यानं डोक्यावर हात ठेवून ‘देव बरं करो’ म्हणायचं. सुरुवात धाकट्यापासून. दिवसभर मुलानं कितीही खोड्या केलेल्या असोत, मारही खाल्लेला असो, संध्याकाळी त्यानं बेसांव मागितला तर नाही म्हणायचं नाही. ज्युलियसच्या घराण्यात कधी कोणी म्हटलं नव्हतं.

अठ्ठ्याहत्तरच्या नाताळानंतर तिसऱ्या दिवशी आम्ही पेल्हारच्या बाजूनं चढून एका ओढ्याकाठी मुक्काम केला. रोजरी झाली. मी अंधारात स्टोव्हची पिन शोधत होते.

“बेसांव, बाबा.”

“देव बरं करो.”

“बेसांव, बाबा.”

“देव बरं करो.”

ज्युलियस उठला आणि काडेपेटीसाठी खिसे चाचपू लागला. तेवढ्यात बेटीचा रडवेला आवाज आला.

“बाबा, माझा राहिला ना.”

२

कंदील लागल्यावर आम्ही हसलो. आल्बिनानं लबाडी करून दोनदा घेतला, दुसरं काय? ज्युलियसनं बेटीला जवळ ओढून तिचा बेसांव दिला आणि वर एक पापाही घेतला.

“मी एकदाच घेतला,” आल्बिना म्हणाली. तोंडात सुकेळी, वाळवलेलं केळं होतं, त्यामुळे शब्द चिकटत होते. “माझ्या आधी कोणीतरी घेतला.”

“तुझ्या आधी कोण घेनार गो? तुझ्याहून धाकटं हाय कोण इथे?” ज्युलियसनं विचारलं.

आल्बिनानं खांदे उडवले आणि दुसरी सुकेळी उचलली. तिच्या दृष्टीनं विषय संपला होता.

माझा संपेना. मी वसईच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. दिवसभर कानाला आवाज. ‘हॅलो’ म्हटल्याबरोबर मी सांगायची, हे अमक्या गोदामाचे शेठ आणि आज ह्यांना सर्दी झाली आहे. आवाज ओळखणं ही माझी रोजीरोटी, आणि त्याचा मला थोडा तोराही होता. म्हणून मी मनातल्या मनात ते दोन बेसांव पुन्हा ऐकले. दोन्ही आल्बिनाचे होते. मग पोरगी खोटं बोलते आहे, झालं.

भांडी विसळताना ज्युलियस माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “पहिल्यांदा हात ठेवला तेव्हा केस ओले लागले गो. हिनं ओढ्यात डोकं बुडवलं काय?”

मी आल्बिनाच्या केसांत बोटं घातली. केसांत दिवसभराची धूळ होती, बोटं अडकत होती. दव पडलं असेल, मी म्हटलं. ज्युलियस हो म्हणाला. संध्याकाळी सातला दव पडत नाही हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

३

घरी आलो आणि मी ते विसरले. घरी रोजरी विजेच्या दिव्याखाली व्हायची. आल्बिना पुढे, मग बेटी, दोन बेसांव, आणि ज्युलियस उठून रेडिओ लावायचा. त्याला सवयच होती ती: दोनदा ‘देव बरं करो’ म्हटलं की त्याचे गुडघे आपोआप सरळ व्हायचे.

जानेवारीत एका संध्याकाळी नेमके रोजरीच्या मध्ये दिवे गेले. मेणबत्ती कोणी उठून आणावी? सगळ्यांनाच पाठ असलेली प्रार्थना, तशीच पुरी केली. मग दोन बेसांव झाले आणि ज्युलियस उठला. ह्या वेळी बेटी काहीच बोलली नाही. मेणबत्ती लावून मी पाहिलं तर ती हात जोडून तशीच गुडघ्यावर बसलेली.

“बेटी, तुझा झाला?”

“नाय.”

“मग माग की, बाय. बाबा हाय तिथे.”

“असू दे. दोनच असतात ना.” ती उठली. “धाकटीला हवा असतो.”

“आल्बिना, पुन्हा दोनदा घेतलास?” मी ओरडले.

“आल्बिना नव्हे गो आय,” बेटी कंटाळून म्हणाली, जणू मीच मठ्ठ आहे. “धाकटी.”

मी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. त्या रात्रीपासून मी दर खोलीत काडेपेटी ठेवायला लागले, आणि ज्युलियसला सांगितलं की दिवे गेले तर रोजरी थांबवायची. कारण विचारलं तेव्हा म्हटलं, पोरी झोपतात.

४

फेब्रुवारीत आम्ही कामणदुर्गावर गेलो. एका दिवसाचं चढणं-उतरणं, मुक्काम नाही, म्हणून मीही खुशीत होते. वर टाक्याजवळ भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी खाल्ली. दोन वाजता उतरायला लागलो. वाट अरुंद, ज्युलियस पुढे, मुली मध्ये, मी मागे. मुलींच्या वेण्या माझ्या डोळ्यांसमोर हलत होत्या. अर्ध्या वाटेत मी पिशवीतून शेंगदाणे काढून दोघींच्या हातांवर ठेवले. पायथ्याच्या पाड्यावर हरेश्वर नावाचा ओळखीचा म्हातारा होता, त्यानं पाणी दिलं. लख्ख ऊन होतं, मला सगळं स्वच्छ आठवतं.

पाणी पिऊन झाल्यावर हरेश्वर म्हणाला, “मास्तर, तुमची मोठी पोरगी नाय आली आज?”

मी हसत वळले. आल्बिना चपलेतला खडा काढत होती. बेटी नव्हती.

आल्बिनाला हरेश्वरजवळ ठेवून ज्युलियस वर धावत सुटला आणि मी त्याच्या मागे. किती वेळ लागला सांगता येत नाही. बेटी वर टाक्याजवळ, जिथे आम्ही जेवलो होतो तिथेच बसली होती. मांडीवर हात, पाय जुळवलेले, बाबानं शिकवलं होतं तशी. रडत नव्हती.

“हाक का नाय मारलीस गो?” ज्युलियसनं धापा टाकत विचारलं.

“मी लघवीला गेली होती. आली तं तुम्ही निघाला होता.” मग ती माझ्याकडे पाहून म्हणाली, “तुमच्याबरोबर दोघी होत्या की, आय. मी वरून बघितलं. तू शेंगदाणे दिलेस.”

आई असल्याची लाज मला त्या दिवशी वाटली तशी कधी वाटली नाही. मुलगी हरवते ते आईबापांचं लक्ष दुसरीकडे गेलं म्हणून. माझं लक्ष तर होतं. मी दोन वेण्या पाहत होते आणि माझ्या मनात एकदाही आलं नाही की त्यातली एक बेटीची नाही.

५

त्यानंतर मला झोप अशी लागलीच नाही. ताट मांडताना मी दोन ताटं मांडायची आणि मग ती कोणाकोणाची, हे बोट ठेवून स्वतःला विचारायची. एकदा बाजारातून रिबिनी आणल्या, घरी येऊन पाहते तर दोन्ही लहान मुलीच्या. बेटीनं त्या पाहिल्या आणि आल्बिनाच्या कपाटात ठेवून दिल्या. ती अशी मुकाट बाजूला होत चालली होती, कोणी सांगितल्याशिवाय. एप्रिलमध्ये तिच्या वर्गशिक्षिका सुझानबाई मला रस्त्यात भेटल्या आणि म्हणाल्या, “तुमची एकच मुलगी ना?”

त्या दिवशी मी ज्युलियसला वाडीतल्या विहिरीजवळ नेलं, केळींच्या आड, आणि मनातलं सगळं बोलले.

“ती पहिली येते. दर वेळी. आल्बिनाच्या आधी तिचाच आवाज असतो. तू तिला बेसांव दिलास, म्हणून ती घरची झाली. तुझ्या घरात दोन पोरींची जागा, तिसरी आली की पहिली बाहेर पडनार. बेटी पडते हाय, ज्युलियस.”

तो केळीचं वाळलेलं पान सोलू लागला. “तू शिकलेली बाई,” तो म्हणाला.

“तुझ्या हाताला ओले केस लागले होते का नाय?”

त्यानं हो म्हणून मान हलवली.

“मग तिला नाय म्हन. एकदाच. पहिला आवाज आला की नाय म्हन.”

“पोर बेसांव मागतं आणि बाप नाय म्हनतो?” त्याचा चेहरा उतरला. “माझ्या बापानं मला झोडपून काढलं तरी संध्याकाळी हात ठेवला. असं कसं म्हनू गो?”

“बेटीसाठी म्हन.”

घरी ते करायचं नव्हतं. शेजारी आल्बिनाची नीना, म्हणजे तिची धर्ममाता जुलियाना राहायची. भिंतीपलीकडून तिला सगळं ऐकू जायचं, आणि मास्तरनं पोरीला बेसांव नाकारला ही गोष्ट चर्चमधल्या सकाळच्या मिस्सापर्यंत गावभर झाली असती. शिवाय मला वाटत होतं, जिथे दिला तिथेच जाऊन नाकारलेला बरा. कशावरून वाटत होतं, ते विचारू नका. मे महिन्यात सुट्टी लागल्याबरोबर आम्ही त्याच ओढ्याकाठी गेलो.

६

मी सगळं नीट ठरवलं होतं. आल्बिनाला दहा वेळा बजावलं: आज तू पहिली जायचं नाही, मी सांगेन तेव्हा जायचं. ती म्हणाली, “नेहमी तीच जाते पयली. आज मी जाते ना, आय.” मी डोळे वटारले तेव्हा गप्प बसली. बेटीचा हात मी डाव्या हातात घट्ट धरला. उजव्या हातात जपमाळ. आल्बिनासाठी तिसरा हात नव्हता, म्हणून तिला माझ्या गुडघ्याला पाठ टेकून बसवली.

ओढा आटून दगडांतून नुसता पाझरत होता. सागाची पानं वाळून खाली पसरलेली, कोणी पाय टाकला तर पापडासारखा आवाज व्हायचा. अंधार पडत गेला. ज्युलियस मणी सांगत होता, आम्ही उत्तर देत होतो. जपमाळेच्या तिसऱ्या दहा मण्यांत कुठेतरी गुडघ्यावरचा भार हलला आणि पुन्हा टेकला. पोर अवघडली असेल, मी म्हटलं, आणि पुढचा मणी धरला. त्या भाराचा मला किती आधार होता! बेटी हातात, आल्बिना गुडघ्याला. बाकी जे काही बोलेल ते माझं नाही.

रोजरी संपली. ज्युलियसनं क्रुसाची खूण केली. मला त्याचा श्वास ऐकू येत होता.

“बेसांव, बाबा.”

आवाज ज्युलियसच्या अगदी पुढ्यातून आला. गुडघ्यावरचा भार जागचा हलला नव्हता. मला हायसंच वाटलं. सापडली, मी मनात म्हटलं.

“तुला नाय,” ज्युलियस म्हणाला.



“बाबा?”

“तुला नाय म्हटलं ना. तू माझी नव्हेस. जा.”

“बाबा, मी—”

“जा!” हे मी ओरडले. ज्युलियस नव्हे, मी.

एक हुंदका आला, लहान मुलीचा, आत ओढलेला. मग वाळल्या पानांवरून पळत जाणारी पावलं, ओढ्याच्या दिशेनं, खाली, आणखी खाली. बेटीनं माझ्या हातात नखं रोवली. मी तिचा हात दाबला आणि म्हटलं, झालं, बाय, गेली.

गुडघ्यावरचा भार उठला. “बेसांव, बाबा.”

“देव बरं करो,” ज्युलियस म्हणाला, आणि रडायलाच लागला.

मग बेटीनं मागितला. तिलाही मिळाला. दोन. कंदील लागला आणि पिवळ्या उजेडात माझ्या दोन्ही मुली होत्या. मी दोघींना कवटाळलं. ज्युलियस डोळे पुसत हसत होता, म्हणाला, आज भातात तूप जास्त घाल. कितीतरी महिन्यांनी माझ्या छातीवरचा दगड उतरला होता.

मी तांदूळ धुवायला घेतले तेव्हा बेटी माझ्या कानाशी आली.

“आय, ती कधी पळाली तं पावलं वाजायची काय?”

“म्हंजे?”

“एवढे दिवस ती येत होती. पावलं कधी वाजली नायत.”

७

मी कंदील घेऊन ओढ्यात उतरले. “आल्बिना!” मी हाक मारली. एकदा, दोनदा.

“आय, मी इथे हाय ना,” मागून आवाज आला. आल्बिनाचाच. ‘आय’ म्हणताना ती शेवटी जरा वर चढायची, ते सुद्धा बरोबर. ज्युलियस तिला कडेवर घेऊन उभा होता. “कोनाला हाका मारतेस गो? पोर घाबरली बघ.”

खाली कंदिलाचा उजेड पोचत नव्हता. मी श्वास रोखून ऐकलं. पाणी दगडांतून ठिबकत होतं, आणि त्या ठिबकण्यात मधेच काहीतरी, कोणीतरी नाक ओढावं तसं. एकदाच. कदाचित पाणीच असेल. दहा पावलं खाली उतरले असते तर कळलं असतं. पण कळल्यावर मी काय करणार होते? माझी मुलगी वर नवऱ्याच्या कडेवर होती. मी परत फिरले. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, चर्चमध्ये पाद्रीपुढच्या कबुलीतसुद्धा नाही.

सकाळी मी ओढ्याच्या काठानं दोन तास हिंडले. ज्युलियसला सांगितलं, चमचा हरवलाय. काही मिळालं नाही, आणि मिळालं नाही ह्याचं मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवते.

आज ह्याला दहा वर्षं होत आली. ताडपत्री ज्युलियसनं त्याच वर्षी विकली. डोंगराचं नाव पुन्हा काढलं नाही. बेटी मुंबईला नर्सिंगच्या होस्टेलात राहते. गुणी, हसरी झाली आहे, पण घरी एका रात्रीच्या वर थांबत नाही आणि आल्बिनाच्या खोलीत झोपत नाही. आल्बिना सोळा संपून सतरावं लागेल. अभ्यासात बरी, चर्चच्या गायकवृंदात आहे, उलटून बोलत नाही. शेजारणी म्हणतात, अशी पोर मिळायला भाग्य लागतं. मीही हो म्हणते. तिच्याविरुद्ध सांगण्यासारखं माझ्याकडे काही म्हणजे काहीच नाही. मी माझ्या ह्या कानांनी दहा वर्षं तिचा आवाज ऐकला, त्यात मला एक चूक सापडली नाही.

ज्युलियस गेल्या पावसाळ्यात वारला, तेव्हापासून बेसांव देणं माझ्याकडे आलं. रोज संध्याकाळी रोजरी झाली की आल्बिना हात जोडून पुढे येते. एवढी मोठी झाली तरी एक दिवस चुकवत नाही. मी हात ठेवते. नाही म्हणायची हिंमत माझ्यात उरलेली नाही. एकदा म्हटलं तेवढं पुरे झालं.

मात्र काही दिवसांपासून मी एक करू लागले होते. तिच्या डोक्यावर हात असताना मनातल्या मनात, ओठही न हलवता, आणखी एकदा ‘देव बरं करो’ म्हणायचं, खिडकीतून दिसणाऱ्या डोंगराच्या अंगाला बघून. कोणासाठी, ते मी मनातसुद्धा म्हणत नसे.

काल मी तसं म्हटलं आणि हात काढणार, तेवढ्यात आल्बिनानं तो दोन्ही हातांनी डोक्यावरच धरून ठेवला.

“तिला नको, आय,” ती हळूच म्हणाली. “मला एकटीलाच दे.”

तिला म्हणजे बेटीला, असं मी कालपासून स्वतःला समजावते आहे.